आईला गाडी लागते

आईला गाडी लागते. म्हणजे अशी की वर्धा रोडवर दहा मिनिटं झाली की चेहरा पांढरा पडतो, मग ती पर्समधून लिंबू काढते, नाकाशी धरते आणि डोळे मिटून घेते. एसी गाडीत जास्त, नव्या कोऱ्या गाडीत त्याहून जास्त. बसमध्ये तीच गत. आगगाडीत मात्र ठणठणीत असते. चिवडा खाते, समोरच्या बाईच्या सुनेची चौकशी करते. बोटीत काही होत नाही. चारही बाजूंनी उघडी रिक्षा असली तर पंधरा-वीस मिनिटं निभावून नेते.

वय बहात्तर, गुडघे दोन्ही कुरकुरणारे. तिला घेऊन चार-पाच दिवस कुठे जायचं तर जिथे टॅक्सीत बसावंच लागणार नाही असं शहर हवं. मुंबई तिचं माहेर. तिथे 'फिरायला' जायचं ही कल्पनाच तिला मंजूर नाही. दिल्लीत मेट्रो मुबलक, पण डिसेंबरातली तिथली हवा नको. उरलं कोलकाता. नागपूरहून संध्याकाळी गीतांजलीत बसलं की दुसऱ्या दिवशी दुपारी हावडा. तिथे मेट्रो आहे, ट्राम आहे, नदीत बोटी आहेत. आणि ऑगस्ट 2025 मध्ये हावडा मैदान ते सॉल्ट लेक सेक्टर फाइव्ह ही मेट्रो सलग सुरू झाल्यापासून हावडा स्टेशनातून बाहेर न पडताच शहरात कुठेही जाता येतं. हे वाचलं आणि मी तिकिटं काढली.

राहायचं कुठे, या प्रश्नाला मात्र मी तीन रात्री दिल्या. हावडा स्टेशनजवळ स्वस्तात मिळत होतं, पण ते नदीच्या अलीकडे; संध्याकाळी पाय मोकळे करायला बाहेर पडावं असा तो भाग नाही. न्यू टाउनला मोठ्या लॉबीची चकाचक हॉटेलं आश्चर्य वाटावं इतक्या कमी पैशांत होती. तिथे अजून मेट्रो पोचायची आहे, त्यामुळे रोज टॅक्सी. बाद. सेक्टर फाइव्ह म्हणजे कचेऱ्यांचा भाग, रविवारी चिटपाखरू नसणार. हाजरा रोडवर महाराष्ट्र निवास आहे हे शेजारच्या काकूंनी सांगितलं, पण मला ते आठवेपर्यंत उशीर झाला होता. पार्क स्ट्रीटला नाताळच्या आठवड्यातले भाव बघून मी ते पान लगेच बंद केलं.

"काय पाहून राहिली एवढं नकाशात?" नवरा म्हणाला. "रेटिंग पाहा न् टाक बुक करून."

शेवटी सियालदाजवळचं एक हॉटेल ठरवलं. हावड्याहून सरळ मेट्रो, गाडी बदलायची नाही. नकाशावर स्टेशनपासून साडेचारशे मीटर. 'लिफ्ट उपलब्ध.' चौघांची खोली बावीसशे रुपये. चार रात्रींचे 8,800 आगाऊ भरले, परत मिळणार नाहीत या अटीवर, कारण त्यात दोनशे रुपये वाचत होते.

शनिवार, 20 डिसेंबर

गीतांजली तासभर उशिरा. हावडा स्टेशनच्या गर्दीबद्दल मी वेगळं काही सांगायला नको. आईने दोन्ही हातांनी माझा दंड पकडला होता आणि लेक पुढे होऊन पाट्या वाचत होती. मेट्रोचं स्टेशन जमिनीखाली तीस मीटरच्या आसपास खोल आहे. सरकत्या जिन्याला आईचा ठाम नकार, त्यामुळे लिफ्टच्या रांगेत उभे राहिलो. रांगेत आमच्यासारख्याच तीन-चार आज्या, एक फुलकोबीचं पोतं आणि एक तबला.

मग नदी. हुगळीखालचा बोगदा 520 मीटर लांब आहे आणि गाडी तो पाऊण मिनिटात पार करते. बोगद्यात निळे दिवे लागले की समजायचं, आता डोक्यावर पाणी आहे. लेकीने मोठ्याने आकडे मोजले, त्रेचाळीसला निळा उजेड संपला. आई खिडकीकडे बघत होती.

"झाली नदी?"

"झाली."

"हात जोडायचे राहिले की गं."

या आनंदात सियालदाला वर आलो आणि फोन उघडला. हॉटेल होतं तिथेच होतं, साडेचारशे मीटरवर, फक्त मधे रेल्वेचे रूळ होते. एकदोन नाही, स्टेशनाचा अख्खा पसारा. साडेचारशे मीटर हे कावळ्यासाठी होते. माणसांना वळसा घालून जायचं, आणि तो वळसा शेवटी फोनने मोजला तो चौदाशे मीटरचा. फूटपाथवर भाजीच्या पाट्या, त्यांच्यामधून हातगाड्या, हमालांच्या डोक्यावर आमच्या कपाटाएवढे गठ्ठे. पिवळ्या टॅक्सीवाले दर दहा पावलांवर हाक मारत होते. आई तीन ठिकाणी बसली: एकदा एका बंद दुकानाच्या पायरीवर, एकदा चहावाल्याच्या बाकावर, एकदा आमच्याच बॅगेवर. तिसऱ्यांदा बसली तेव्हा म्हणाली, "बसते मी टॅक्सीत, होऊ दे काय व्हायचं ते." हे ऐकून मला रडू यायचं बाकी होतं.

हॉटेलात लिफ्ट होती. पहिल्या मजल्यापासून. तिथवर चौदा पायऱ्या.

"लिफ्ट तर आहे, मॅडम," काउंटरवरचा मुलगा म्हणाला, आणि त्यात काही खोटं नव्हतं.

आईला खोलीत आडवं केलं, लेकीला तिच्याजवळ ठेवलं आणि आम्ही दोघं संध्याकाळी सात वाजता बाहेर पडलो. नवऱ्याने भांडण केलं नाही याबद्दल मी त्याची ऋणी आहे. "चल, आता नकाशात नाही, पायानं पाहू," एवढंच म्हणाला.

एस्प्लनेडला मेट्रो बदलून जुन्या निळ्या लाइनवर आलो आणि एकेक स्टेशन उतरत गेलो. आधी पार्क स्ट्रीट, तिथून मागे चालत सडर स्ट्रीट. या गल्लीत पूर्वीपासून परदेशी पाठपिशवीवाले उतरतात. इंडियन म्युझियमच्या भिंतीला लागूनच आहे, न्यू मार्केट हाकेच्या अंतरावर. आम्ही दोघंच असतो तर तिथेच राहिलो असतो. पैसे बदलून देणारे, खाण्याचे ठेले, रात्री उशिरापर्यंत जाग. दोन ठिकाणी खोल्या बघितल्या. एक दुसऱ्या मजल्यावर, लाकडी गोल जिन्याने. दुसरीला खिडकी होती, ती जिन्यात उघडत होती. आईला तिथे झोप लागली नसती.

मग नेताजी भवन. हे भवानीपूर. 24 ऑक्टोबर 1984 ला भारतातली पहिली मेट्रो धावली ती एस्प्लनेडपासून इथपर्यंत, साडेतीन किलोमीटरही नाही एवढीच. ही जुनी लाइन बहुतेक ठिकाणी वरून रस्ता खणून, आत पेटी बांधून, पुन्हा बुजवून केलेली आहे, त्यामुळे स्टेशनं फार खोल नाहीत. हावड्याच्या पाताळानंतर हे तळघर वाटतं. कुरकुरणाऱ्या गुडघ्यांना हा फरक लगेच कळतो, नकाशात तो दिसत नाही.

बाहेर आलो तर रस्त्यावर वर्दळ, पण घरगुती. औषधांचं दुकान, मिठाईचं दुकान, शिंपी, पुन्हा मिठाईचं दुकान. आतल्या गल्लीत एका जुन्या घराच्या तळमजल्यावर पाहुण्यांसाठी खोल्या होत्या. हिरव्या झडपांच्या खिडक्या, पुढे ओसरीसारखा व्हरांडा, तिथे वेताच्या दोन खुर्च्या. दारात दोनच पायऱ्या. मालकीणबाई आईच्याच वयाच्या. त्यांनी हिंदीत पहिला प्रश्न विचारला तो "किती जण?" असा नव्हता. "कुणाचे गुडघे दुखतात का? मग आतली खोली घ्या, तिथलं बाथरूम सपाट आहे." चौघांचे बत्तीसशे. खोली ठरवून निघालो तेव्हा नवरा मेट्रोच्या गेटापर्यंत पावलं मोजत गेला. तीनशे चाळीस. मधे एकही मोठा रस्ता ओलांडायचा नाही.

सियालदाचे उरलेले तीन रात्रींचे 6,600 बुडाले. त्याविषयी रात्री कोणी बोललं नाही.

बोललो ते दुसऱ्याच गोष्टीबद्दल. सियालदासमोरून जाणारा मोठा रस्ता म्हणजे जुना सर्क्युलर रोड, आणि तो ज्या जागेवर आहे तिथे एकेकाळी मराठा खंदक होता. 1742 मध्ये नागपूरकर रघूजी भोसल्यांचं सैन्य भास्करपंत कोल्हटकरांच्या हाताखाली बंगालात उतरलं, तेव्हा घाबरलेल्या कलकत्तेकरांनी शहराभोवती हा खंदक खणायला घेतला. मराठे कलकत्त्यावर आलेच नाहीत आणि खंदक अर्धवट राहिला. पुढे 1799 मध्ये तो बुजवून त्यावर रस्ता केला. बंगालातल्या गावांनी मात्र बरंच सोसलं. तिथे अजूनही बाळाला झोपवताना 'बर्गी आले' म्हणून सांगतात. बर्गी म्हणजे आपला बारगीर.

"शिलेदाराचा स्वतःचा घोडा," नवऱ्याने लेकीला समजावलं, "आणि बारगिराला सरकारी घोडा."

"म्हणजे आपण बारगीर," लेक म्हणाली. "आपली गाडी नाही, सरकारी मेट्रो."

आई अंधारातून म्हणाली, "आणि पावणेतीनशे वर्षांनी आलो तरी यांनी खंदकाच्या बाहेरच उतरवलं."

रविवार

इथे रविवारी मेट्रो सकाळी नऊच्या सुमारास सुरू होते हे माहीत असलं तर सोपं पडतं. आई सहालाच अंघोळ करून, पदर खोचून तयार. तीन तास तिने माझ्या चेहऱ्याकडे बघत काढले.

जाताना आईसाठी एक उघडी रिक्षा मिळाली. कोलकात्यात रिक्षा ठरलेल्या मार्गावर शेअरनेच चालतात, याला आम्ही पूर्ण रिक्षाचे पैसे दिले. सियालदा, एस्प्लनेड, तिथे बरंच चालून गाडीबदल, नेताजी भवन, तीनशे चाळीस पावलं. साडेदहाला आई व्हरांड्यातल्या वेताच्या खुर्चीत होती आणि मालकीणबाईंनी चहा पाठवला होता. खोली बाराला मिळणार होती, पण आता घाई कुणाला होती!

दुपारी व्हिक्टोरिया मेमोरियल. एक स्टेशन मागे, रवींद्र सदन, आणि तिथून चालत. 1921 ची ती पांढरीशुभ्र इमारत सगळ्यांनी फोटोत बघितलेली असते. प्रत्यक्षात मला बाग जास्त आवडली. आईने आतली चित्रं दहा मिनिटांत उरकली आणि हिरवळीवर बसून झालमुडी खात बंगाली कुटुंबांचं निरीक्षण केलं. थंडी आपल्या मानाने काहीच नव्हती, तरी प्रत्येक लहान मुलाच्या डोक्याला कानटोपी घट्ट बांधलेली. "इतकं कशाला गुंडाळायचं पोराला," असं ती दर पाच मिनिटांनी म्हणत होती.

सोमवार

सोमवारी व्हिक्टोरिया आणि म्युझियम दोन्ही बंद, म्हणून दक्षिणेश्वर. शनिवार-मंगळवार कालीमातेची गर्दी असते, सोमवार बरा. निळ्या लाइनचं हे उत्तरेचं शेवटचं स्टेशन, 2021 मध्ये सुरू झालेलं. नेताजी भवनला बसलो आणि एकदाही न बदलता थेट उतरलो. चौघांचं तिकीट मिळून शंभराच्या आत. स्टेशनापासून देवळापर्यंत रस्त्याच्या वरून स्कायवॉक आहे, खाली गाड्या आणि वर आपण. आई त्यावरून अशी चालली जशी कॉलनीत सकाळी चालते.

राणी रासमणींनी 1855 मध्ये बांधलेलं हे देऊळ. नऊ शिखरांचं, पुढे मोठं अंगण, एका बाजूला नदीकाठी शंकराची बारा देवळं ओळीने. मोबाइल बाहेर ठेवावे लागतात, त्यामुळे माझ्याकडे फोटो नाही आणि त्यामुळेच बहुधा मला ते अंगण इतकं नीट आठवतं. आईने घाटावर उतरून नदीला हात जोडले. शनिवारची बाकी फेडली.

तिथल्याच घाटावरून बेलूर मठाला बोट सुटते. बेलूर दुपारी बंद असतं, साडेअकराच्या आत पोचायला हवं, म्हणून आम्ही जरा घाईने निघालो. लाकडी बाकं, वर कापडाचं छत, पन्नासेक माणसं, दोन सायकली. इंजिनाच्या धडधडीने बाक थरथरत होतं. पात्र रुंद, पाणी गढूळ, जलपर्णीचे पुंजके आमच्या बरोबरीने वाहत होते आणि त्यांच्यावर बगळे बसून फुकटात चालले होते. अर्धा रस्ता गेल्यावर मी आईकडे बघितलं. सवयीने बघितलं, चेहरा पांढरा पडलाय का म्हणून. ती शेजारच्या बाईकडून फुलकोबीच्या रश्श्यात बटाटा कधी घालायचा हे विचारून घेत होती. बाई बंगालीत सांगत होती, आई मराठीत विचारत होती, आणि दोघींचं जमत होतं.

बेलूरला अर्धा तास शांत बसलो. परत त्याच वाटेने बोट, स्कायवॉक, मेट्रो. दीड वाजता खोलीत.

हे दीड वाजता खोलीत येणं मला लिहायचं होतं. गाडी घेऊन फिरतो तेव्हा आपल्याला जाणवत नाही, पण गाडी हे वाहन कमी आणि खोली जास्त असते. डिकीत स्वेटर, पाण्याच्या बाटल्या, चिवड्याचा डबा, विकत घेतलेल्या साड्या. थकलं माणूस तर मागच्या सीटवर आडवं होतं. चपला बदलायच्या त्या तिथेच. गाडी नसली की हे सगळं खांद्यावर येतं, आणि थकलेल्या माणसाला टेकायला जागा उरत नाही. म्हणून हॉटेल असं हवं की दिवसातून दोनदा तिथे परत येता येईल. मी नागपुरात बसून प्रेक्षणीय स्थळं किती लांब आहेत ते मोजत होते. दुपारी दीडला आईची पाठ गादीला टेकेल का, हे मोजायला हवं होतं. सियालदाहून हे जमलं नसतं. एकदा बाहेर पडलं की रात्रीच परत. भवानीपूरला आम्ही दुपारी येत होतो, भात खात होतो, तासभर झोपत होतो आणि चारला ताजे होऊन पुन्हा निघत होतो. सकाळचा दमट स्वेटर दोरीवर, संध्याकाळची शाल पिशवीत. बत्तीसशेत खोली घेतली होती, डिकी फुकट मिळाली.

जेवणाचं मला आधी टेन्शन होतं. आई अंडंही खात नाही. पण भवानीपुरात गुजराती वस्ती पूर्वीपासून मोठी, त्यामुळे खाकरा, फरसाण, शाकाहारी थाळी सगळं चालत जाण्याच्या अंतरावर. एका फरसाणच्या दुकानात आईने थेट गुजराती सुरू केलं. ती दादरच्या चाळीत वाढली, शेजार सगळा गुजराती. पन्नास वर्षांत वापरली नव्हती ती भाषा अशी बाहेर आली की दुकानदाराने तिला गाठियाची पुडी वर दिली. तिथून निघून कोपऱ्यावर खजुराच्या गुळाचा संदेश खाल्ला. हा गूळ हिवाळ्यातच येतो. नवऱ्याने सहा खाल्ले आणि चार खाल्ल्याचं सांगितलं.

रात्री तो आणि लेक पार्क स्ट्रीटची नाताळची रोषणाई बघायला गेले. गर्दीत टॅक्सी मिळत नव्हती, लोक भांडत होते, आणि हे दोघं तीन स्टेशनं मेट्रोने अर्ध्या तासात परत. लेक आल्या आल्या म्हणाली, "बारगीर जिंकले."

मंगळवार

हा दिवस ट्रामचा. ट्राम कोलकात्यात 1873 पासून आहे, आधी घोड्यांची, 1902 पासून विजेची. आता देशात दुसरीकडे कुठेच नाही. 2024 मध्ये राज्य सरकारने सांगितलं की मैदानाजवळचा एक छोटा टप्पा ठेवून बाकी बंद करणार. त्यावर कोर्टात भांडण चालू आहे. श्यामबाजारची ट्राम अजून सुटते असं मालकीणबाईंनी सांगितलं, आणि वर पुस्ती जोडली: "ती येते तेव्हा येते."

एस्प्लनेडच्या डेपोत चाळीस मिनिटं थांबलो. लेक कंटाळली, नवरा दोनदा चहा पिऊन आला. आई मात्र हलायला तयार नव्हती. अखेर ती आली. दोन डब्यांची नव्हे, एकच डबा, रंगाचे पोपडे निघालेले, कपाळावर एकच दिवा. पायरी उंच होती. कंडक्टरने आईला हात दिला. खिडकीजवळची जागा. मग ती घंटा वाजली. पायाने दाबतात ती, टिंग-टिंग अशी नाही, ठण्ण करून.

आईने माझा हात धरला. "अगदी हीच."

मुंबईची ट्राम 31 मार्च 1964 ला बंद झाली. बोरीबंदर ते दादर ही शेवटची फेरी. आई तेव्हा अकरा वर्षांची होती. दादर टीटी म्हणजे ट्राम टर्मिनस हे मला माहीत होतं, सगळ्या मुंबईकरांना माहीत असतं. पण तिथे उभं राहून तिने शेवटच्या ट्रामला हात केला होता हे तिने मला कधीच सांगितलं नव्हतं. आजोबांच्या खांद्यावर धाकटा मामा होता, आणि गर्दी इतकी की आईची एक चप्पल हरवली. घरी आल्यावर चपलेबद्दल मार बसला. "ट्राम गेल्याचं वाईट वाटलं का ते आठवत नाही," ती म्हणाली, "चप्पल मात्र आठवते. लाल पट्ट्याची होती."

ट्राम माणसाच्या चालीने चालते. लेनिन सरणीवर एक हातगाडी रुळांवर आडवी होती, तिला बाजूला करायला ड्रायव्हरने पाच मिनिटं घंटा बडवली. मागे बसेस अडकल्या, शिव्या पडल्या. ट्राम का बंद करायची म्हणतात हे मला त्या पाच मिनिटांत समजलं. का ठेवायची म्हणतात, ते आई खिडकीत बसली होती तिच्याकडे बघून.

कॉलेज स्ट्रीटला उतरलो. फूटपाथवर पुस्तकांच्या टपऱ्या, एकीला लागून दुसरी, बहुतेक अभ्यासाची पुस्तकं. कॉफी हाउस वरच्या मजल्यावर आहे, आईने जिना बघून खालीच राहायचं ठरवलं. मग नवरा तिच्याजवळ थांबला आणि मी व लेक वर जाऊन आलो. उंच छत, पंखे, डोक्याला पगडी बांधलेले वेटर, आणि इतका गलका की ऑर्डर ओरडून द्यावी लागली. कॉफी ठीकच. महात्मा गांधी रोड स्टेशनातून दुपारी घरी. बघा, मी 'घरी' लिहिलं.

संध्याकाळी कालीघाट, दोन स्टेशनं. गर्दी, पंडे, ढकलाढकली. आईने लांबूनच नमस्कार केला आणि आम्ही वळलो.

बुधवार

सकाळी आईने मालकीणबाईंना आपला उरलेला आलेपाक दिला, त्यांनी तिला पाटाली गुळाची एक वडी बांधून दिली. नेताजींचं एल्गिन रोडवरचं घर अगदी जवळ. नवरा आणि लेक ते बघून आले. मी बॅगा भरल्या.

मग तीनशे चाळीस पावलं उलट, एस्प्लनेडला बदल, आणि पुन्हा निळे दिवे. या वेळी आई तयार होती. दिवे लागले तसे तिने हात जोडले, आणि ते मावळेपर्यंत सोडले नाहीत. समोरचा कॉलेजचा मुलगा तिच्याकडे बघून थोडा हसला आणि त्यानेही कपाळाला हात लावला.

गुरुवारी सकाळी नागपूर. माझा भाऊ नवी गाडी घेऊन स्टेशनवर आला होता, मोठ्या हौसेने. नव्या सीटांवरचं प्लॅस्टिकही अजून काढलेलं नव्हतं. आई मागे बसली, काच खाली केली, दरवाजा लागायच्या आत पर्स उघडली. पाच दिवस कुणी हात न लावलेलं लिंबू सुकून सुपारीएवढं झालं होतं.

"मेट्रोने चल," मी म्हटलं. "मग पुढे रिक्षा करू."

ती भावाकडे बघून थोडा वेळ गप्प राहिली. मग लिंबू नाकाशी धरलं आणि डोळे मिटले.

"चल रे," ती म्हणाली. "पण हळू."